सत्ता नसताना

शहापूर विधानसभेची मोजणी २३ नोव्हेंबर २०२४ ला संपली तेव्हा आमच्या आघाडीचे पांडुरंग बरोरा १,६७२ मतांनी मागे राहिले होते आणि दौलत दरोडा पुन्हा आमदार झाले होते. मतदारसंघात तीनशेच्या आसपास केंद्रं धरली तर केंद्रामागे पाच-सहा मतं होतात. एका घरातली मतं. हार इतकी थोडक्यात झाली की कारण शोधायला कुणाला लांब जावं लागत नाही. त्या संध्याकाळी शहापूरहून डोळखांबला येणाऱ्या जीपमध्ये जितकी माणसं होती तितकी कारणं होती. त्यातलं सगळ्यांचं आवडतं कारण पिपाणी. आमच्या उमेदवाराची निशाणी तुतारी वाजवणारा माणूस. एका अपक्षाला मिळालेली पिपाणी यंत्रावर तिच्या जवळपास जाणारी, आणि तिला पडलेली मतं आमच्या हारीच्या फरकापेक्षा जास्त. लोकसभेला साताऱ्यातही हेच झालं होतं: पिपाणीला ३७ हजारांवर मतं आणि आमचा उमेदवार हरला ३२,७७१ मतांनी.

कारण खोटं नव्हतं. पण जे कारण आपल्या अंगाला लागत नाही, ते आधी बाजूला ठेवून बाकीचं तपासावं, ही सवय मला शाळेने लावली. वर्ग नापास झाला की पेपर अवघड होता हे गुरुजीचं पहिलं उत्तर असू नये.

माझी सगळी नोकरी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या पाड्यांवरच्या शाळांत गेली. निवडणूक आली की केंद्राध्यक्ष म्हणून यंत्रं उचलायची आणि एरवी बीएलओ म्हणून मतदार यादीचा गठ्ठा घेऊन घरोघर फिरायचं, ही कामं शिक्षकाला चुकत नाहीत. निवृत्त झाल्यावर आघाडीतल्या एका पक्षात गेलो. पक्षाचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचं आहे ते त्या एका पक्षापुरतं नाही; शिवाय लोकसभा आणि विधानसभा या दोन्ही निवडणुकांत आमच्या पक्षाची स्वतःची निशाणी इथल्या यंत्रावर नव्हतीच. डोळखांब, गुंडे, डेहणे, साकडबाव या बाजूची केंद्रं माझ्याकडे असतात. म्हणजे मतदान केंद्राच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना मी बसलो आहे: आधी शाई लावणाऱ्यांत, आता बाकावरच्या एजंटांत.

पिपाणी बाजूला ठेवली की प्रश्न असा उरतो. सहाच महिने आधी, ४ जूनला, सुरेश म्हात्रे म्हणजे आमच्याकडचे बाळ्यामामा यांनी केंद्रीय राज्यमंत्री कपिल पाटील यांना भिवंडी लोकसभेत ६६ हजारांवर मतांनी हरवलं होतं. राज्यात आघाडीच्या ४८ पैकी ३० जागा आल्या होत्या. डोळखांबच्या नाक्यावर फटाके वाजले. आणि नोव्हेंबरात त्याच आघाडीच्या तिन्ही मोठ्या पक्षांच्या मिळून ४६ जागा. विरोधी पक्षनेतेपदासाठी लागणाऱ्या २९ जागा एकालाही मिळाल्या नाहीत. सहा महिन्यांत लोक एवढे फिरतात का?

मला वाटतं, लोक फिरले नाहीत. जूनमध्ये ते आमच्याकडे आलेच नव्हते. जूनचं मत सरकारवरच्या रागाचं होतं. कांद्याचा राग, पक्ष फोडल्याचा राग, संविधानाची काळजी, भिवंडी शहराचा एकगठ्ठा कौल. आमच्या बाजूला तर कांदा पिकतही नाही, तरी हवा इथवर आली. रागाचं मत उसनं असतं. ते पक्षाच्या खात्यावर जमा झालं असं पुष्कळांनी धरलं आणि पावसाळाभर तालुक्यात चर्चा चालली ती तिकीट कुणाला याची. त्याच पावसाळ्यात सरकारने बायकांच्या खात्यात दरमहा पैसे टाकणारी लाडकी बहीण योजना आणली.

प्रचारात मी किन्हवलीकडच्या एका पाड्यावर बायकांना आमच्या जाहीरनाम्यातले तीन हजार समजावून सांगत होतो. भात झोडणी चाललेली, खळ्यावर उभ्याउभ्याच बोलणं. एक मावशी पेंढी खाली न ठेवता म्हणाली, "गुरुजी, त्यांनी दिले. तुम्ही देणार म्हणता." तोवर तिच्या खात्यात पाच हप्ते, साडेसात हजार, आलेले होते. यावर माझ्याकडे अर्थशास्त्र होतं, राज्याच्या कर्जाचे आकडे होते, पण खळ्यावर ते काढण्यात अर्थ नव्हता. तिचं म्हणणं चोख होतं.

त्या योजनेतून मी जे शिकलो ते पैशाबद्दलचं नाही. जुलैत अर्ज भरायला झुंबड उडाली होती. उत्पन्नाचा दाखला की रेशनकार्ड, आधार बँकेला जोडलंय की नाही, लग्नानंतरचं नाव आणि माहेरचं नाव यांचा मेळ, आणि डोळखांबच्या पुढे गेलं की मोबाइलला रेंज नाही. आमच्यातला एक पोरगा टेकडीवर जाऊन बायकांचे अर्ज भरून द्यायचा. त्याला पक्षातल्याच लोकांनी टोकलं, की त्यांच्या योजनेचा प्रचार तू का करतोस. पोराने ऐकलं नाही. त्याच्या केंद्रावरही बायकांची मतं पुष्कळशी तिकडेच गेली. त्याने काही चमत्कार केला असं मी सांगणार नाही. पण मतदान संपल्यावरही त्या बायका कागद घेऊन त्याच्याकडेच येतात. हप्ता अडकला तरी त्याच्याकडे, पोराचा जातीचा दाखला हवा तरी त्याच्याकडे. सरकार ज्यांचं आहे त्यांच्याकडे जायला त्यांना वाट माहीत आहे, तरी त्या इकडे येतात. विरोधी पक्षाला परत यायचं असेल तर त्याची सुरुवात अशा ठिकाणी होते असं मला दिसतं.

आमच्याकडे पक्ष सोडून जाणारा प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलून जातो: सत्तेशिवाय कामं होत नाहीत. नेतेही तेच बोलतात. २०१९ ला दरोडा शिवसेनेतून राष्ट्रवादीत आले, बरोरा राष्ट्रवादीतून शिवसेनेत गेले आणि दोघे एकमेकांसमोर उभे राहिले. २०२४ ला दोघे पुन्हा समोरासमोर, या वेळी एकाच राष्ट्रवादीच्या दोन गटांतून. कपिल पाटील २०१४ च्या लोकसभेआधी राष्ट्रवादीतून भाजपमध्ये गेले, मुरबाडचे किसन कथोरे त्याच वर्षी विधानसभेआधी. बाळ्यामामा २०१४ ला मनसेकडून लढले होते. बाहेरच्याला वाटतं लोक याने चिडत असतील. लोक चिडत नाहीत. नेत्याला कामं करायची तर सरकारात जावंच लागणार, हे त्यांनी पोटात घातलं आहे. त्यामुळे गद्दारीवर केलेलं भाषण शहरात टाळ्या घेतं आणि इथे गार पडतं.

पण ते वाक्य अर्धंच खरं आहे, हे मला यादी करायला बसल्यावर कळलं. माझ्याकडे लोक जी कामं घेऊन येतात ती मी वहीत लिहून ठेवतो, मास्तरकीची सवय. रस्ता, साकव, समाजमंदिर, व्यायामशाळेचं साहित्य ही कामं निधीची. ती आमदार-खासदाराच्या हातातली आणि ठेकेदाराच्या आवडीची. विरोधकाने त्या शर्यतीत पडूच नये. वहीत मात्र ही कामं थोडी निघाली. जास्तीची कामं अशी, की ज्यांत सरकारने द्यायचं ते आधीच कायद्याने देऊ केलेलं आहे आणि मधेच कुठेतरी अडलं आहे.

म्हाताऱ्या माणसाचा अंगठा ई-पॉस मशीनवर उमटत नाही, म्हणून धान्य नाही. जन्मभर दगड-विटा उचललेल्या हाताला रेषा कुठून राहणार? अशा माणसासाठी दुसरी सोय करता येते, पण ती पुरवठा शाखेकडून करून घ्यावी लागते, आणि शहापूरला एक फेरी म्हणजे म्हातारीचा दिवस आणि सोबत येणाऱ्याची मजुरी. एखाद्या कातकरी कुटुंबाचं कार्ड पिवळं हवं ते केशरी झालेलं असतं. अंत्योदयचं महिन्याचं ३५ किलो धान्य त्यामुळे जातं. पंतप्रधान जनमन योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये कातकऱ्यांसारख्या जमातींसाठीच आली, पण घर मंजूर व्हायला जागेचा कागद लागतो आणि वाडी उभी असते दुसऱ्याच्या जागेवर.

वनहक्काचं तर विचारू नका. २००६ चा कायदा म्हणतो, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी कसत असेल तर प्लॉट त्याचा. पुरावा म्हणून गावातल्या जुन्या माणसाचा लेखी जबाबही चालतो. दावा फेटाळला तर कारण कळवायचं, आणि कळवल्यापासून ६० दिवसांत अपील करता येतं. पाड्यावरच्या ठाकर-कोळ्यांना यातलं कुणी सांगितलेलं नसतं. त्यांना एवढंच ठाऊक असतं की फाइल प्रांताकडे भिवंडीला गेली आणि परत आली नाही. अपिलाची मुदत कागद हातात पडेपर्यंत सुरूच होत नाही, हे समजावून सांगितलं आणि कागद लेखी मागायला लावला की अर्धं काम होतं. यासाठी आमदार लागत नाही. ग्रामसभेचा ठराव लागतो, आणि शहापूर तालुका पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात असल्याने पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला इतर ठिकाणापेक्षा जास्त अधिकार आहेत. लागतो तो माणूस, जो तारीख लक्षात ठेवील, पोच घेईल आणि पुढच्या तारखेला पुन्हा उभा राहील.

पाठपुरावा हे विरोधकाचं खरं भांडवल आहे. सत्ताधारी कार्यकर्ता एक फोन लावतो. फोनने झालं तर झालं, नाही झालं तर त्याला पुढे जाता येत नाही, कारण ज्या कचेरीशी भांडायचं ती आपल्याच सरकारची. विरोधकाला ही अडचण नाही. माहितीचा अधिकार, सेवा हक्क कायदा, पोच घेतलेला अर्ज, लोकशाही दिन ही हत्यारं त्याला मोकळेपणाने वापरता येतात. आमच्या पक्षाने ती वर्षानुवर्षं खुंटीला टांगली आणि हाती धरला तो माइक.

यावर तालुक्यातले जाणते लोक म्हणतात, गुरुजी, ही एनजीओची कामं झाली, पक्षाची नव्हेत. त्यांना मी भिवंडी लोकसभेचाच निकाल दाखवतो. निलेश सांबरे अपक्ष उभे राहिले आणि त्यांना २ लाख ३१ हजारांवर मतं पडली. मागे पक्ष नाही, सरकार नाही. होती ती जिजाऊ संस्था: झडपोलीचा मोफत दवाखाना, रुग्णवाहिका, स्पर्धा परीक्षांचे वर्ग, वह्यावाटप. विधानसभेलाही आमच्या मतदारसंघात त्या संघटनेच्या उमेदवाराने आमच्या पराभवाच्या फरकाच्या कितीतरी पट मतं घेतली. पैशाशिवाय हे होत नाही, हे मान्य. रुग्णवाहिका आम्हाला परवडणार नाही. पण पाड्यावरच्या माणसाने मत देताना कोण सरकारात आहे एवढंच पाहिलं नाही, हे तर त्या आकड्यांतून दिसतं.

दुसरं उदाहरण शेजारच्या पालघर जिल्ह्यातलं. डहाणूची जागा मार्क्सवादी पक्षाने २०१४ ला भाजपला गमावली आणि २०१९ ला विनोद निकोले यांनी ती परत आणली; २०२४ च्या लाटेतही राखली. राज्यात त्या पक्षाचा तो एकच आमदार. त्याच्या मागे किसान सभेचं जुनं काम आहे. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली आणि त्यानंतर गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी तलासरी-डहाणूकडे वारल्यांमध्ये वेठबिगारीविरुद्ध जे उभं केलं, त्यावरच तो पक्ष तिथे अजून उभा आहे. निवडणूक हरली तरी गाव समिती मोडत नाही, सभासदाची पावती दर वर्षी फाटते.

मोर्चाने मात्र हे साधत नाही, हेही त्याच पक्षाच्या अनुभवातून दिसतं. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला लाँग मार्च कसारा घाट उतरून आमच्याच तालुक्यातून गेला. दहावीची परीक्षा देणाऱ्या मुलांना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा लोक रात्रीच चालले, याचं सगळ्या मुंबईने कौतुक केलं. मार्च २०२३ ला दिंडोरीहून निघालेला मोर्चा वाशिंदला थांबला आणि मागण्यांचे आदेश हातात पडल्यावरच माघारी गेला. तेव्हा मी वाशिंदला जाऊन आलो होतो. उन्हात तापलेल्या मैदानात माणसं शिस्तीने बसलेली, चुली मांडलेल्या, भाकऱ्या घरून आणलेल्या. एका शेतकऱ्याचा तिथे मृत्यूही झाला. एवढं करूनही मोर्चाचे नेते जे. पी. गावित कळवणची जागा २०१९ ला हरले आणि २०२४ ला पुन्हा हरले. मोर्चाला लोकांनी पायाचे तुकडे पडेपर्यंत साथ दिली, मत देताना वेगळा हिशेब केला. लोकांना दोन्ही करता येतं. आंदोलनात आला म्हणजे मत आपलं, हे धरून चालणारा कार्यकर्ता दर पाच वर्षांनी लोकांना बेइमान ठरवून घरी बसतो.

म्हणून नव्या पोरांना मी पहिल्यांदा सांगतो, की केलेल्या कामाचा मताशी सौदा मांडू नका. दाखला काढून दिला आणि वर निशाणी लक्षात ठेवा म्हटलं, की म्हातारी समजते हा पण त्यातलाच. तिला नोट देणारे दुसरे आहेत आणि त्यांची नोट आपल्या दाखल्यापेक्षा मोठी असते. त्या बाजारात आपण उतरायचंच नाही. काम करायचं ते अशासाठी, की पुढे कधी आपण धोरणाबद्दल, जमिनीबद्दल, शाळेबद्दल काही बोललो तर आपलं बोलणं ऐकून घेतलं जाईल. मत मिळणं ही त्यापुढची गोष्ट आणि तिची खात्री कुणी देऊ शकत नाही.

पाण्याचा मुद्दा याचा चांगला दाखला आहे. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतं, नंतर मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा. मुंबई पिते त्यातलं निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातशाचं. आणि मार्च उलटला की त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात. मोठ्या अन्यायाचा एवढा धडधडीत नमुना महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. तरी यावर कुणी मत फिरवत नाही. कारण हे भाषण त्यांनी सगळ्या पक्षांकडून, सगळ्या निवडणुकांत ऐकलं आहे. भाषण करणारे निवडून आले आणि टँकर चालू राहिले. मी ते भाषण बंद केलं. त्याऐवजी एका पाड्यावर जलजीवनच्या टाकीचं काय झालं ते आम्ही विचारायला घेतलं. टाकी उभी, नळ घरोघर, पाणी नाही. अंदाजपत्रकाची प्रत मागितली, ती ग्रामसभेत मोठ्याने वाचली. विहिरीपासून टाकीपर्यंतचा पाइप कागदावर होता त्याहून आखूड निघाला. उरलेला पाइप पुढच्या उन्हाळ्याआधी आला. मुंबईच्या पाण्याचा प्रश्न त्याने सुटला नाही, पण त्या पाड्यावर आता मुंबईच्या पाण्याबद्दल बोललं तर बायका हंडा खाली ठेवून ऐकतात.

कामाचा हंगामही पक्षांना कळत नाही. आमच्याकडे दसऱ्याच्या आसपास वीटभट्टीवाल्याची उचल घेतली जाते आणि दिवाळी झाली की कातकरी, ठाकर कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर निघून जातात. परततात ती पाऊस तोंडावर आल्यावर. लोकसभेचं मतदान २० मेला होतं, भट्ट्या ऐन जोरात. विधानसभेचं २० नोव्हेंबरला, तेव्हा काही निघून गेलेले, काही निघण्याच्या बेतात, आणि उरलेले खळ्यावर. पक्षाचं सगळं काम मात्र याच दिवसांत, माणसं गावात नसताना. वाड्या रिकाम्या असतात आणि गाड्या धुरळा उडवत येऊन जातात.

मी बीएलओ होतो तेव्हाची गोष्ट: पडताळणीला गेलं की भट्टीवर गेलेल्या घराला कुलूप असायचं. शेजारी म्हणायचे, गेले ते. कुठे गेले, केव्हा येणार, हे खोदून विचारलं नाही तर नाव स्थलांतरित म्हणून यादीतून उडायचं. मतदानाला आलेल्या माणसाला ते कळायचं केंद्रावर, सकाळी रांगेत उभं राहून झाल्यावर. पटावरचं मूल दिसलं नाही तर गुरुजीने त्याच्या घरी जायचं असतं. मतदार यादीचंही तसंच आहे. पण हे काम सरकारी माणसावर सोडून पक्ष मोकळे होतात. पक्षाला बूथ लेव्हल एजंट नेमण्याचा अधिकार आहे, त्याने बीएलओबरोबर बसून वगळलेल्या नावांची यादी तपासायची असते. आमच्या बाजूच्या कितीतरी केंद्रांवर अशी नेमणूक कागदावरच असे. आता यादी तपासण्याचं हे काम आम्ही आवणी संपल्यावर करतो. नागपंचमी ते गणपती या दिवसांत सगळं गाव घरात असतं, हाताला काम कमी असतं आणि माणसं बोलायला मोकळी असतात. नवी नावं, लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं, मेलेल्यांची वगळणी, चुकलेलं वय. कुणाला मत देणार हे विचारायचं नाही. समोरच्या पक्षाच्या घरातल्या पोराचाही अर्ज भरायचा. यावर आमच्यात भांडणं होतात, पण यादी सगळ्या गावाची असते.

यात सगळ्यात अवघड काम कोणतं असेल तर मतदान एजंट मिळवण्याचं. बाहेरच्याला ते सोपं वाटेल. सकाळी साडेपाचला केंद्रावर जायचं, मॉक पोलची निदान ५० मतं पडताना बघायची, दिवसभर बाकावर बसायचं, मतदाराच्या नावावर खूण करायची, शेवटी मतांच्या हिशेबाच्या कागदाची प्रत घ्यायची. जेवण पक्षाकडून. तरी माणूस मिळत नाही. कारण बाकावर बसणं म्हणजे सगळ्या गावासमोर सांगणं की मी यांचा. मत गुप्त असतं, एजंट गुप्त नसतो. दुसऱ्या दिवशी घरकुलाच्या यादीत नाव मागे जाईल, रोहयोच्या कामावर बोलावणार नाहीत, ट्रॅक्टरची खेप मिळणार नाही. कुणी धमकी देत नाही. लागतही नाही. एका भल्या घरच्या माणसाने मला सांगितलं, "गुरुजी, मत तुम्हालाच. पण तिथे बसायला सांगू नका." अशा केंद्रांवर शेवटी बाहेरगावचं पोरगं आणून बसवावं लागतं. त्याला मतदार ओळखू येत नाहीत आणि गाव समजतं की यांना आपल्यातला एकही मिळाला नाही. विरोधी पक्षाची खरी तब्येत मतदानाच्या आदल्या रात्री, एजंटांच्या नेमणुकीचे कागद भरताना कळते.

ती भीती भाषणाने जात नाही. एका माणसाचं घरकूल अडवलं आणि पक्ष त्याच्यामागे पंचायत समितीपर्यंत गेला, लेखी उत्तर घेऊन आला, तर ती थोडी कमी होते. दुसऱ्याच्या वेळी आणखी थोडी. सांगोल्यात शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले, बहुतेक वेळा विरोधी बाकावरून, एसटीने प्रवास करत. तेही १९७२ आणि १९९५ ला हरले होते आणि दोन्ही वेळा परत आले. त्यांच्या घरातला उमेदवार २०१९ ला ७६८ मतांनी पडला, आणि २०२४ ला, जेव्हा विरोधकांची राज्यभर वाताहत झाली, तेव्हा त्यांचे नातू बाबासाहेब सांगोल्यातून निवडून आले. गणपतरावांचं नाव त्यामागे होतं हे खरं. पण तिथे हरल्यानंतरही पक्षाचा माणूस म्हणून ओळख दाखवायला लोक लाजत किंवा भीत नाहीत. आमच्याकडे ते बळ अजून नाही.

वरून येणारी माणसं बैठकीत विचारतात, काय केलं म्हणजे मतदार परत येईल? त्यांना घोषणा हवी असते, नवा चेहरा हवा असतो, एखादी हजाराने वाढवलेली योजना हवी असते. त्या गोष्टींनी मत हलतं, मी नाकारत नाही. हवा आली तर आम्हीही त्यात तरून जाऊ, जसे जूनमध्ये गेलो. पण हवेने आलेलं मत पुढच्या हवेने जातं, आणि ते थांबवून धरायला गावात आपला माणूस लागतो.

म्हणून पक्ष परत आला की नाही हे मी निकालावरून ओळखणार नाही. पुढच्या निवडणुकीत आम्ही दोन हजारांनी जिंकू किंवा पाच हजारांनी हरू, त्याला शंभर कारणं असतील, पिपाणीसारखी. मी पाहणार आहे ते एवढंच, की आदल्या रात्री एजंटाच्या कागदावर सही करायला त्या त्या गावचा माणूस, घरच्यांना सांगून, स्वतःहून येतो का. माझ्याकडच्या निम्म्या केंद्रांवर जरी तसा आला, तरी हरलेल्या निवडणुकीनंतरही मी वरच्यांना कळवीन की इथे पक्ष आहे. आणि जिंकूनही तो आला नाही, तर तेही कळवीन.